पिचरची पहिली बरगडी

माझा उजवा हात निळा पडलाय, हे माझ्या आधी हेमांगीला दिसलं.

हेमांगी आमच्या संघाची कॅचर. बेसबॉलमध्ये चेंडू टाकते ती पिचर आणि बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे उकिडवी बसून तो झेलते ती कॅचर. म्हणजे सबंध सामन्यात मी जिच्या तोंडाकडे बघत असते, ती एकटी हेमांगीच. ती एडवणची, घरी मासेमारीची होडी. मी बोईसरची. पप्पा धुळ्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. आम्ही दोघी पालघरला एकाच कॉलेजात आणि एकाच संघात.

त्या सकाळी सराव संपवून आम्ही मैदानाच्या नळावर हात धूत होतो. तिने माझं मनगट धरलं.

"रेणू, ह्यो हात बघ. आन् ह्यो बघ."

मी दोन्ही हात शेजारी धरले. डावा नेहमीचा. उजवा दंडापासून बोटांपर्यंत सुजलेला, आणि रंग जांभळट, थंडीत पोरांचे ओठ पडतात तसा. खांद्याच्या पुढे, गळ्याच्या हाडाखाली, कधी न दिसलेल्या शिरा फुगून वर आल्या होत्या.

"व्यायामाने फुगलाय," मी म्हणाले.

"व्यायामान हात निळा होतो काय?"

"उद्यापर्यंत उतरेल. सरांना सांगू नकोस."

निवडीला अकरा दिवस राहिले होते. राज्याच्या संघासाठी आमच्या जिल्ह्यातून दोन पिचर जाणार होत्या आणि त्यातली एक मी, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. अशा वेळी सुजलेला हात कोण दाखवतं?

खरं तर तो हात आठवडाभर आधीपासून सांगत होता. सरावानंतर जड व्हायचा, ओला स्वेटर घातल्यासारखा. केस विंचरायला वर केला की मुंग्या यायच्या. घड्याळ रुतायला लागलं, तर मी पट्टा एक भोक सैल केला आणि विषय संपवला.

जास्तीचा व्यायाम

राऊत सर आमचे प्रशिक्षक. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात, राहतात केळव्याला. "पिचिंग हाताचं काम नाही, ते पायापासून सुरू होतं," हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस केळव्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत धावायचं, मग बैठका, एका पायावरच्या बैठका, पोटाचे व्यायाम. खांद्यासाठी सुरूच्या झाडाला रबरी पट्टे बांधून ते सावकाश ओढायचे, सावकाश सोडायचे. चेंडू मोजून टाकायचे. ठरलेला आकडा झाला की मी कितीही गयावया केली तरी सर माझ्या हातातून चेंडू काढून घेत. सामन्यानंतर तीन दिवस हाताला पूर्ण सुट्टी.

मला ते पुरत नव्हतं. मला वेग हवा होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलीचा चेंडू माझ्यापेक्षा जोरात जातो, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी बोईसरच्या एका जिममध्ये संध्याकाळी जायला लागले. डोक्यावर वजन उचलणं, बाकावर पडून वजन ढकलणं, दांड्याला लटकून वर चढणं, जे दिसेल ते. मोबाइलवर एका परदेशी पिचरला जड चेंडू टाकताना पाहिलं, म्हणून जुना चेंडू उसवून त्यात शिशाचे छर्रे भरले आणि परत शिवला. इमारतीच्या गच्चीवर भिंतीला गोणपाट टांगून तो चेंडू फेकायचे. सर ज्या दिवशी हाताला सुट्टी देत, त्याही दिवशी.

असे पाच महिने गेले. चेंडूचा वेग वाढला. खांदे भरले, मान जाड झाली, आई म्हणाली ब्लाउज नवीन शिवावे लागतील. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, शिस्तीत व्यायाम केला की काय होतं." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं लाजले.

बरोबर कोण आहे?

हेमांगीने सरांना सांगितलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्कूटरवरून थेट बोईसरला आमच्या घरी आले, हात पाहिला आणि आईला म्हणाले, "वहिनी, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे घेऊन जा. काही लागलं तर मला कळवा." मी हेमांगीला मनात शिव्या घातल्या.

आमच्या डॉक्टरांनी हात पाहिला, चिठ्ठी लिहिली आणि हाताच्या शिरांची सोनोग्राफी करून यायला सांगितलं. सोनोग्राफीवाले डॉक्टर गप्पिष्ट होते. "बेसबॉल? आपल्याकडे खेळतात? मुली?" असं विचारत त्यांनी दंडावर थंड जेल लावलं. कोपरापासून यंत्र वर सरकवत आणलं. गळ्याच्या हाडापाशी आले आणि बोलायचे थांबले.

तिथेच दाबून बघितलं. पुन्हा बघितलं. "श्वास घ्या. सोडा. परत घ्या." पडद्यावर मला करडं काहीतरी दिसत होतं, त्यातलं काही कळत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"आई."

"वडील?"

"ड्युटीवर."

"बोलावून घ्या त्यांना."

दवाखान्यात कोणी असं म्हणालं की आतून काय होतं, हे ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत.  

आईला आत बोलावून त्यांनी सांगितलं. हातातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर खांद्यापाशी गुठळीने बंद झालीय. "हात अजिबात हलवायचा नाही. आणि चोळायचा तर मुळीच नाही. गुठळीचा तुकडा सुटला तर सरळ फुफ्फुसात जातो."

आईने टेबलाची कड धरली. "काल संध्याकाळी मी तेल कोमट करून चोळला ना हो. चांगला अर्धा तास."

डॉक्टरांनी मान खाली घालून रिपोर्ट लिहायला घेतला. त्याचा आईने काय अर्थ लावून घेतला, ते मला पुढे कित्येक महिने दिसत राहिलं.

पप्पा कारखान्याच्या कपड्यांतच आले, कपाळावर हेल्मेटचा वळ. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मुंबईला फोन लावला आणि फोनवर वाट बघता बघता मला विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत? पाळी पुढे ढकलायच्या, किंवा गर्भनिरोधक?"

"नाही."

"नक्की? त्यांनीही गुठळ्या होतात म्हणून विचारतोय."

"नाही घेत."

पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. डॉक्टरांनी विचारलं ते बरोबरच होतं, आज कळतं. पण अॅम्ब्युलन्सची वाट बघताना आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खरं काय ते सांग. मी ओरडणार नाही." मरणाची भीती बसलेली असताना आईला आपल्यावर विश्वास नाही हे कळणं, यासारखं एकटेपण मी दुसरं पाहिलेलं नाही. मी तिच्याकडे पाठ फिरवली. आणि मग लक्षात आलं, आई फार चुकली नव्हती. मी काहीतरी लपवत होतेच, फक्त तिला वाटत होतं ते नाही.

महामार्ग

दुपारी निघालो. मनोरला महामार्गाला लागलो आणि ट्रकांच्या रांगांत अडकलो. सायरन वाजत होता, पण ट्रक सरकणार कुठे? पप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी, आई माझ्या पायाशी. हात उशीवर बांधून ठेवला होता. पोटात टोचलेल्या इंजेक्शनची जागा जळत होती.

वसईच्या आसपास मी खोल श्वास घेतला आणि छातीत उजव्या बाजूला, खाली, चमक निघाली. सुई टोचल्यासारखी. मी श्वास अर्धाच घेऊन थांबले. थोड्या वेळाने पुन्हा घेऊन पाहिला. पुन्हा चमक.

फुफ्फुसात जातो, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं वाटत होतं. मुंबईला पोचेपर्यंत मी छोटे छोटे श्वास घेत, आईच्या पायातल्या चपलेकडे बघत पडून राहिले. तिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्यात माझी. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. डोक्यात एकच: आत्ता गेले तर आई या दोन वेगळ्या चपलांत घरी परत जाणार.

इस्पितळात उतरवून घेणाऱ्या सिस्टरला मात्र सांगितलं. लगेच छातीचं स्कॅन झालं. गुठळीचा एक लहान तुकडा खरंच फुफ्फुसात जाऊन बसला होता. "लहान आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "पण हे तुम्ही गाडीतच सांगायला हवं होतं."

हे वाचणाऱ्यांत कोणी पिचर असेल, भालाफेकवाली असेल, पोहणारी असेल, तिला माझं एवढंच सांगणं आहे. एकच हात सुजला, रंग बदलला, तर तो चोळू नका, लपवू नका. त्याच दिवशी दाखवा. बाकी सगळं मागाहून.

टेप

अतिदक्षता विभागात हाताच्या शिरेतून एक बारीक नळी गुठळीपर्यंत सरकवली होती. तिच्यातून गुठळी विरघळवायचं औषध थेंबाथेंबाने जात होतं. ते चालू असताना शरीरात कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून दात घासायचे नाहीत, कूस बदलायची नाही, जोरात शिंकायचंसुद्धा नाही असं मला वाटायला लागलं. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन विचारायच्या, "डोकं दुखतंय? नाव सांग. हसून दाखव." मेंदूत रक्तस्राव झालाय का ते बघायला हसायला लावतात, हे मी दुसऱ्या सिस्टरकडून काढून घेतलं. त्यानंतर मला हसता येईना. ओठ फाकवून दात दाखवायचे, एवढंच.

दिवसातून चार वेळा टेप घेऊन दंडाचं आणि मनगटाचं माप घेत. मी जिममध्ये याच दंडाचं माप घ्यायचे, वाढलं की खूश व्हायचे. आता अर्धा सेंटिमीटर कमी झालं की आई काचेपलीकडे पदर डोळ्याला लावायची.

शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. कधी शुद्धीवर, कधी नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांच्याभोवती पडदा ओढला गेला. बरीच माणसं आत गेली, मग हळूहळू बाहेर आली. माझ्यासमोर डाळभात होता. मी तो खाल्ला. भूक लागली होती म्हणून नाही. खाल्लं नाही तर आपल्याभोवतीही पडदा ओढतील, असं काहीतरी डोक्यात आलं होतं.

तिथे एक आया होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. डाव्या हाताने मला वेणी घालता येत नव्हती. माझ्या केसांचा गुंता बघून त्या काही न विचारता मागे बसल्या आणि वेणी घातली. "पोरी, डोक्याखाली केस टोचले की माणूस जास्त घाबरतं," एवढंच म्हणाल्या. पुढे रोज सकाळी पाच मिनिटं त्यांच्या बोटांत माझं डोकं असायचं. त्या पाच मिनिटांत मी घाबरलेली नसायचे.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. शीर बरीचशी मोकळी झाली होती. मला साध्या वॉर्डात हलवलं.

दाराबाहेर

वॉर्डाचं दार अर्धवट उघडं होतं. राऊत सर आणि हेमांगी भेटायला आले होते आणि पप्पांनी त्यांना बाहेरच गाठलं.

"माझ्या पोरीला मशीन समजलात का तुम्ही?" पप्पांचा आवाज. ते कधी मोठ्याने बोलत नाहीत. "वजनं उचलायला लावली, चेंडू फेकायला लावले. डॉक्टर सांगतोय, खांद्याचे स्नायू इतके फुगले की शीर चेचली गेली. कोणी दिला हा व्यायाम? तुम्हीच ना?"

सर म्हणाले, "मीच दिला."

"मग? लाज वाटत नाही?"

"चूक झाली असेल तर माझीच आहे, दादा."

मी खाटेवर बसून ऐकत होते. उठून दोन पावलं गेले असते, एक वाक्य बोलले असते, तर संपलं असतं.  सरांचा शब्द मोडून मी जिममध्ये गेले हे कळलं, तर पप्पा मला परत मैदानावर पाऊल ठेवू देणार नाहीत, ही भीती. सर मला संघातून काढतील, ही दुसरी. मी गप्प बसले. सर आत आले, "लवकर बरी हो" म्हणाले आणि दोन मिनिटांत गेले. हेमांगी मागे राहिली. तिच्या आईने सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, चटणी पाठवली होती. तिने डबा उघडताच त्या वासाने अख्खा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. एरवी आम्ही हसून लोळलो असतो.

"मना जड चेंडूचा माहीत हाय," ती हळूच म्हणाली. "तुज्या पिशवीत बघितलेला. मी पन नाय बोलली. म्हनून मी पन चुकली. पन सर नाय चुकले, रेणू."

ती गेल्यावर दीड दिवस मी तोंड मिटून काढला. मग पप्पा मोसंबी सोलत बसले होते तेव्हा सांगितलं. जिम, छर्रे, गच्चीवरचं गोणपाट, सगळं. ते सोलत राहिले. साल एकसंध निघाली, ती त्यांनी बाजूला ठेवली.

"त्या माणसाला मी काय काय बोललो," एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी सरांना फोन लावला. काय बोलणं झालं ते मला त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

सरांशी मी स्वतः बोलले. फोनवरच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वेग एवढ्या लवकर वाढला तेव्हाच मला विचारायला हवं होतं. मी खूश झालो आणि विचारलं नाही."

बरगडी

गुठळी गेली तरी जागा अरुंदच होती. गळ्याचं हाड आणि सगळ्यांत वरची बरगडी यांच्या चिमटीतून ती शीर जाते. माझी ती फट जन्मापासूनच थोडी निमुळती असावी, आणि मी भोवतीचे स्नायू वाढवून ती आणखी आवळली. हात वर करून चेंडू टाकला की दर वेळी शीर चिमटली जायची. डॉक्टर म्हणाले, पहिली बरगडी काढायची.

"काढायची म्हणजे?" आईने विचारलं. "परत बसवणार कधी?"

"नाही बसवायची, बाई. तिच्याशिवाय चालतं."

संमतीच्या कागदावर काय काय होऊ शकतं याची यादी होती. त्या भागातून हाताच्या सगळ्या नसा जातात. बोटांतली ताकद जाऊ शकते, असं एका ओळीत लिहिलं होतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. चेंडूच्या शिवणीवर दोन बोटं कशी ठेवायची, कुठलं बोट शेवटी सुटलं की चेंडू कुठे वळतो, हे शिकायला मला चार वर्षं लागली होती. सगळी कमाई त्या दोन बोटांच्या टोकांवर होती. सही डाव्या हाताने केली, वेडीवाकडी.

ऑपरेशनच्या सकाळी मी पप्पांना म्हणाले, "मला नाही करायचं. घरी चला." बावीस वर्षांची मी, आणि त्यांच्या शर्टाची बाही धरून लहान पोरीसारखी रडले. त्यांनी बाही सोडवून घेतली नाही. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं तसे ते तिरके तिरके चालत आले. दारात सिस्टरनेच माझी बोटं हलकेच उघडली.

शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा वेदना आली, मग भीती. उजव्या हाताकडे बघायचा धीर होईना. मी डोळे मिटून अंगठा तर्जनीला लावायचा प्रयत्न केला. लागला असं वाटलं, पण खात्री नव्हती. मग मधलं बोट. मग अनामिका. कोणाचा तरी आवाज आला, "हलतायत. सगळी हलतायत." ती आई होती. तिला आत कसं सोडलं कोणास ठाऊक.

घरी

घरी आल्यावर सगळे म्हणाले, सुटलीस. मी सुटले नव्हते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या होत्या. ब्रश लागून हिरडीतून रक्त आलं तरी मी ते थांबेपर्यंत आरशासमोरून हलायचे नाही. त्या गोळ्यांवरची पहिली पाळी आली ती इतकी जोरात, की मी मोरीत बसून आईला हाका मारल्या. तिने पाठीला हात लावून बसवलं, डॉक्टरांना फोन केला, चादरी बदलल्या, गूळ-शेंगदाणे दिले. माझं रडं थांबल्यावर म्हणाली, "त्या दिवशी मी तुला तसं विचारायला नको होतं."

"आणि मी तुला जिमचं सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

तिने एवढे दिवस माझ्या हाताला हात लावला नव्हता. तेल लावायचं तर दूरच, हातात बांगडीसुद्धा घालून देईना. त्या दिवशी तिने माझा उजवा तळवा मांडीवर घेतला आणि नुसता धरून ठेवला.

व्यायाम पुन्हा सुरू झाला तो भिंतीपासून. बोटांनी भिंतीवर चढत जायचं, मुंगीसारखं. जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण. मग पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलायची. दांड्याला लटकणारी मी, बाटलीने हात थरथरायचा. राज्याची निवड केव्हाच होऊन गेली होती. दुसऱ्या दोघी गेल्या. त्या दिवशी मी फोन बंद करून ठेवला.

सर रविवारी यायचे. पप्पा स्वतः त्यांच्यासाठी चहा टाकायचे. चेंडू हातात घ्यायला परवानगी नव्हती, म्हणून सरांनी टॉवेल दिला. टॉवेलचं टोक बोटांत धरून चेंडू टाकायची सगळी हालचाल करायची: पाय उचलणं, कंबर वळवणं, पुढे झेप, शेवटी हात. टॉवेल जिथे फटकारतो त्यावरून कळतं, ताकद पायांतून येतेय की नुसता खांदा ओढतोय. माझा टॉवेल उजवीकडे भरकटायचा. "बघ," सर म्हणाले, "कंबर वळायच्या आत खांदा धावतोय. वेगाच्या नादात तू हाताला एकट्याला राबवलंस." हे ते चार वर्षं सांगत होते. मला ते टॉवेलने कळलं.

गोळ्या बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं, तो दिवस आनंदाचा असायला हवा होता. पहिल्या सकाळी गोळी न घेता मी खाटेच्या कडेला बसले आणि बसूनच राहिले. गोळी होती तोवर कोणीतरी पहाऱ्यावर आहे असं वाटायचं. आता पहारा मीच.

महिन्याभराने हेमांगीसमोर उभी राहिले, निम्म्या अंतरावर. दहाच चेंडू. पहिला तिच्यापर्यंत पोचलाच नाही, मध्येच टप्पा पडला. "क्रिकेट खेलतेस काय?" ती ओरडली. त्या वर्षी मी वेग सोडून दिला आणि हळू चेंडू शिकले. हात जोरात येतो, चेंडू मात्र तळव्यात खोल धरलेला, म्हणून उशिरा पोचतो. बॅटवाली आधीच फिरवून मोकळी होते. पहिल्यांदा एकीला त्यावर फसवलं तेव्हा मी हसले. दात दाखवण्यासाठी नाही, खरं.

चौथा डाव

ऑपरेशनला वर्ष होऊन गेल्यावर जिल्ह्याचा सामना पालघरला होता. पप्पा रजा टाकून आले होते, पहिल्यांदाच. तीन डाव मी बरे टाकले. आम्ही एका धावेने पुढे होतो. चौथ्या डावात, दोघी बाद झालेल्या असताना, चेंडू सोडल्यावर हात जड वाटला.

ओल्या स्वेटरसारखा. तोच.

मी दुसरा चेंडू टाकला. जडच. बोटांकडे पाहिलं, रंग ठीक वाटला, पण उन्हात काय कळतं? आणखी एक बॅटवाली बाद झाली असती तर डाव संपला असता. पाच-सहा चेंडूंचा प्रश्न.  हेमांगीने झेलायचा हातमोजा पुढे धरला होता, खूण करून ती माझ्या होकाराची वाट बघत होती. सगळं मैदान वाट बघत होतं.

मी डावा हात वर केला.

सर धावत आले. "काय गं?"

"हात जड झालाय, सर. मला दाखवायचंय. आत्ता."

 सरांनी चेंडू माझ्या हातातून घेतला, जसे नेहमी घ्यायचे, आणि बदली पिचरला बोलावलं. मी पिचरच्या उंचवट्यावरून खाली आले तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय वाटलं असेल कोणास ठाऊक. पप्पा कुंपणापाशी उभे होते, चेहरा पांढरा. आम्ही रिक्षात बसलो. स्टेशनपलीकडच्या सोनोग्राफी सेंटरकडे निघालो. मी खोल श्वास घेऊन बघत होते. चमक आली नाही. पुन्हा घेऊन बघत होते.

आत एक तरुण डॉक्टरीण होत्या. मी सगळं सांगितलं, काही न गाळता: बरगडी, गुठळी, आज किती चेंडू टाकले, काल किती. त्यांनी यंत्र फिरवलं. गळ्याच्या हाडापाशी आल्या. थांबल्या. दाबून पाहिलं. मी डोळे मिटले.

बाहेरून पप्पांनी दार थोडं ढकललं. त्यांच्या हातात फोन होता, सरांचा निरोप आला असणार. "हरलो आपण," ते म्हणाले, आणि मग डॉक्टरीणबाईंकडे बघत तसेच उभे राहिले.

"शीर छान मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "रक्त नीट वाहतंय. हे बघा, इथे." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "काही झालेलं नाही. बऱ्याच दिवसांनी एवढे चेंडू टाकले ना? हात नुसता दमलाय."

पप्पा तिथल्या स्टुलावर बसले. मी जेल पुसायचं विसरून उजव्या हाताकडे बघत राहिले. खांद्यापासून बोटांपर्यंत दुखत होता. दमला होता, कोणाचाही दमतो तसा.